अवकाशातली दुर्बीण दुरुस्त कशी होते

प्रश्नाला तीन पदर आहेत. अवकाशात फिरणारी दुर्बीण बिघडली तर ती कोण आणि कशी दुरुस्त करतं? हबल दुर्बिणीकडे माणसं गेली, तशी तिच्यानंतरच्या वेब दुर्बिणीकडे का जात नाहीत? आणि एवढ्या खटाटोपापेक्षा नवी दुर्बीण पाठवणं सोपं नाही का? मी वीसहून जास्त वर्षं उपग्रहांच्या नियंत्रण कक्षात काढली आहेत आणि त्यातला बराच काळ बिघाड शोधण्यात गेला आहे. विषय जिव्हाळ्याचा असल्यामुळे उत्तर लांबणार आहे.

दुरुस्ती म्हटलं की पांढऱ्या सूटमधला अंतराळवीर डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात कक्षेत माणसाचा हात लागलेल्या वेधशाळा बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. १९८४ मध्ये सूर्याचा अभ्यास करणारं सोलर मॅक्स, १९९३ ते २००९ या काळात पाच वेळा हबल, १९९१ मध्ये सोडता सोडता अडकलेली अँटेना जेरी रॉस यांनी हाताने हलवून मोकळी केली ती कॉम्प्टन ही गॅमा-किरण वेधशाळा, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसवलेली एक-दोन उपकरणं. त्यातलं नायसर हे अगदी अलीकडचं. या क्ष-किरण दुर्बिणीच्या पातळ संरक्षक पडद्यांना भोकं पडून २०२३ मध्ये आत सूर्यप्रकाश शिरू लागला. जानेवारी २०२५ मध्ये निक हेग यांनी बाहेर जाऊन ती ठिगळं लावून झाकली. बाकी सगळ्या दुर्बिणींची दुरुस्ती जमिनीवरून होते: आकडे वाचून, विचार करून आणि कमांड पाठवून. हबलच्या बाबतीतसुद्धा अंतराळवीर पोचण्याआधी निम्मं काम जमिनीवर उरकलेलं असायचं.

बिघाड झाला की पहिलं पाऊल दुर्बीण स्वतःच उचलते. ती सेफ मोडमध्ये जाते. म्हणजे निरीक्षण थांबवते, नाजूक उपकरणं बंद करते, सौरपंख सूर्याकडे वळवते आणि पृथ्वीवरून काय निरोप येतो याची वाट पाहत राहते. बातम्यांमध्ये याला 'दुर्बीण बंद पडली' म्हणतात. आमच्या दृष्टीने ती चांगली खूण असते. तिला काहीतरी खटकलं आणि तिने स्वतःला सांभाळलं, असा त्याचा अर्थ.

उमेदवारीच्या काळातला एक प्रसंग सांगतो. रात्रपाळीत आमचा एक उपग्रह सेफ मोडमध्ये गेला. टेलिमेट्रीत, म्हणजे उपग्रहाने पाठवलेल्या स्वतःच्या आकड्यांत, चार रिअॅक्शन व्हीलपैकी एकाचा वेग शून्य दिसत होता. रिअॅक्शन व्हील म्हणजे उपग्रहाच्या पोटातलं जड चाक. ते एका दिशेने फिरवलं की उपग्रह उलट दिशेने वळतो. चाक अडकलंय असं समजून मी ते बंद करण्याची आणि राखीव चाक चालू करण्याची कमांड तयार केली. आमचे प्रमुख शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी तीनच प्रश्न विचारले, "वीज येते आहे? तापमान ठीक आहे? संपर्क आहे?" तिन्हींचं उत्तर 'हो' होतं. "मग त्याला तसाच राहू दे. सकाळपर्यंत तू फक्त आकडे वाच." पहाटेपर्यंत लक्षात आलं की ते चाक वीज नेहमीइतकीच खात होतं आणि त्याचं बेअरिंग नेहमीइतकंच गरम होतं. चाक व्यवस्थित फिरत होतं, वेग मोजणारा सेन्सर तेवढा गेला होता. माझी कमांड गेली असती तर मी एक धडधाकट चाक बंद केलं असतं.

अशीच चूक खरोखर झाली तर काय होतं, हे सोहो या सौर वेधशाळेने दाखवलं. युरोप आणि अमेरिकेची ही संयुक्त वेधशाळा पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला आहे. २५ जून १९९८ रोजी नेहमीच्या देखभालीचं काम चालू होतं. कमांडच्या साच्यात चूक राहिल्यामुळे एक जायरो, म्हणजे यानाचं वळणं मोजणारं उपकरण, बंदच राहिला होता. दुसरा चालू होता, पण दोघांचे आकडे जुळेनात. कक्षातल्या मंडळींनी बंद असलेल्या जायरोवर विश्वास ठेवला आणि चांगला चाललेला जायरो खराब समजून बंद केला. यानाला स्वतःचं फिरणं कळेनासं झालं, ते गरगरू लागलं, सौरपंखांवर ऊन पडेना आणि संपर्क तुटला.

तिथून पुढची गोष्ट माझ्या मते या क्षेत्रातली सर्वात सुंदर दुरुस्ती आहे, आणि त्यात कोणाचाही हात यानाला लागलेला नाही. जवळजवळ महिनाभर काही कळलं नाही. २३ जुलैला आरेसिबोच्या ३०५ मीटरच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीने त्या दिशेला रडारचा झोत सोडला आणि गोल्डस्टोनच्या ७० मीटरच्या अँटेनाने त्याचा प्रतिध्वनी पकडला. यान जिथे असायला हवं तिथेच होतं आणि अगदी हळू फिरत होतं. सूर्याभोवतीच्या वाटेवर ते जसजसं पुढे सरकेल तसतसं पंखांवर थोडंथोडं ऊन पडू लागेल असं गणित होतं. ३ ऑगस्टला क्षीण सिग्नल ऐकू आला. मग थेंबाथेंबाने बॅटरी भरायची, त्या विजेवर टाकीत गोठलेलं हायड्रॅझिन हे इंधन वितळवायचं, नंतर नळ्यांमधलं, आणि बॅटरी उतरली की पुन्हा थांबायचं. हे आठवडेच्या आठवडे चाललं. १६ सप्टेंबरला सोहोने पुन्हा सूर्याकडे तोंड केलं. गोठणं आणि भाजणं दोन्ही सोसूनही तिची उपकरणं चालू झाली. पुढे डिसेंबरमध्ये शेवटचा जायरोही गेला, तेव्हा फेब्रुवारी १९९९ पर्यंत जायरोशिवाय चालवणारं सॉफ्टवेअर लिहून वर चढवलं गेलं.

आता हबलकडे येऊ. एप्रिल १९९० मध्ये ती वर गेली आणि दोन महिन्यांत कळलं की चित्रं धूसर येताहेत. २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा कडेला हवा त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉनने सपाट घासला गेला होता, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाइतका. आरसा ओबडधोबड नव्हता. चुकीच्या आकारात तो अत्यंत अचूक घासलेला होता. घासताना आकार तपासणाऱ्या उपकरणातली एक भिंग १.३ मिलिमीटर जागा चुकून बसली होती. दोन साध्या चाचण्यांनी गडबड दाखवली होती, पण मुख्य उपकरण जास्त अचूक मानलं जात असल्यामुळे तिकडे दुर्लक्ष झालं. आकडे जुळत नसतील तर कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, हाच प्रश्न इथेही होता.

आरसा बदलणं शक्य नव्हतं. पण दोष गुळगुळीत आणि नेमका असल्यामुळे तो मोजता आला. कारखान्यात ते चुकलेलं उपकरण तसंच्या तसं जपलेलं होतं, त्यावरून मोजमाप मिळालं. वर घेतलेल्या धूसर चित्रांमधले ताऱ्यांचे आकार तपासूनही तोच आकडा आला. दोष किती हे एकदा कळल्यावर त्याच्या बरोबर उलट दोष असलेले छोटे आरसे बनवता येतात. कोस्टार हे उपकरण म्हणजे टेलिफोन बूथएवढ्या पेटीत बसवलेल्या, बाहूंवर उघडणाऱ्या अशाच छोट्या आरशांच्या जोड्या होत्या. त्याला जागा करण्यासाठी हाय स्पीड फोटोमीटर हे चांगलं चाललेलं उपकरण काढावं लागलं. मुख्य कॅमेऱ्याच्या नव्या आवृत्तीत ही दुरुस्ती आतल्या आरशांमध्येच घडवलेली होती.

डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर शटलमधून सात जण गेले. पाच स्पेसवॉक झाले, मिळून ३५ तासांहून जास्त. कोस्टार बसवण्याबद्दल सगळे बोलतात, मला आठवतो तो पहिल्याच दिवशीचा दरवाजा. जायरो बदलून झाले आणि त्या कप्प्याची दारं बंद होईनात. ऊन-सावलीत धातू फुगतो, आकसतो, आणि दारांची कड एकमेकांशी जुळेना. दार उघडं राहिलं असतं तर आतलं तापमान सांभाळता आलं नसतं आणि उजेडही आत शिरला असता. स्टोरी मस्ग्रेव्ह आणि जेफ्री हॉफमन यांनी शेवटी पट्टा लावून ओढत दारं जुळवली आणि कड्या लावल्या. जमिनीवर शेकडो तास सराव करूनही आयत्या वेळी बेत बदलावा लागतो, आणि माणूस पाठवण्याचा खरा फायदा तिथेच दिसतो.

सोलर मॅक्सच्या वेळीही तेच झालं होतं. १९८४ मध्ये जॉर्ज नेल्सन उडत त्या यानापाशी पोचले, पण पकडीचा साचा बसेना. कारण काय, तर औष्णिक पांघरूण धरून ठेवणारी एक छोटी बारीक खुंटी, जी नकाशांमध्ये दाखवलेलीच नव्हती. सौरपंख हाताने धरायला गेल्यावर यान आणखी गरगरलं. रात्रीतून जमिनीवरच्या पथकाने चुंबकीय यंत्रणा वापरून ते शांत केलं, तेव्हा बॅटऱ्या संपत आल्या होत्या. मग शटलच्या यांत्रिक हाताने ते पकडता आलं. म्हणून नव्या मंडळींना मी सांगतो: यान वर जाण्याआधी त्याचे इंच इंच फोटो काढून ठेवा. आराखडा म्हणजे यान बनवायचं ठरलं होतं तसं, फोटो म्हणजे ते प्रत्यक्षात बनलं तसं.

स्क्रू काढणं वर इतकं अवघड का, असं बऱ्याच जणांना वाटतं. जमिनीवर पाना फिरवताना तुमचं वजन तुम्हाला जागेवर धरून ठेवतं. वर तसं नसतं. पाय पक्के अडकवलेले नसतील तर स्क्रूऐवजी माणूस फिरतो. सूट आतून हवेने फुगवलेला असतो, त्यामुळे हातमोज्यात मूठ वळणं म्हणजे ताठ फुगा दाबण्यासारखं. बोटं तासाभरात दुखू लागतात. आणि सुटलेला स्क्रू खाली पडत नाही, तो तरंगत आत आरशांकडे जाऊ शकतो.

मे २००९ मधल्या शेवटच्या मोहिमेत हे सगळं एकाच कामात एकवटलं. हबलची उपकरणं पेटीसारखी सरकवून काढता-घालता यावीत अशीच बनवलेली होती. पण पेटी उघडून आतलं सर्किट बोर्ड बदलावं लागेल असं कोणी धरलं नव्हतं. स्टिस हा वर्णपटमापक, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारं उपकरण, २००४ मध्ये विजेच्या बिघाडाने बंद पडला होता. तो दुरुस्त करायचा तर १११ बारीक स्क्रूंचं झाकण काढायचं. हे झाकण उघडण्यासाठी नव्हतंच. जमिनीवर यासाठी खास पारदर्शक पट्टी बनवली. ती झाकणावर बसवायची, तिच्यातल्या छोट्या भोकांमधून स्क्रू सोडवायचे, आणि सुटलेले स्क्रू त्या पट्टीतच अडकून राहतील. मी ही पट्टी या व्यवसायातल्या उत्तम कल्पनांपैकी एक मानतो.

१११ स्क्रूंची तयारी झाली, आणि अडलं कुठे? त्याआधी काढायच्या, अंतराळवीरांनी धरण्यासाठीच्या दांड्याच्या चार साध्या स्क्रूंपैकी एकावर. त्याचं डोकं झिजलं आणि पाना नुसताच फिरू लागला. मायकेल मासिमिनो तासाभराहून जास्त वेळ त्यात अडकले. इकडे जमिनीवर इंजिनियर तसाच दांडा आणून, तो ओढून तोडायला किती जोर लागेल हे मोजत होते. आकडा मिळाल्यावर निरोप गेला: तुकडे उडू नयेत म्हणून टेप लावा आणि हाताने ओढून तोडा. तो तुटला. पुढे पान्याची बॅटरी उतरली, ती आणायला परत जावं लागलं. तो स्पेसवॉक आठ तासांवर गेला, पण स्टिस जिवंत झाला.

त्याच मोहिमेत जुना कॅमेरा काढताना त्याचा बोल्ट हलेना. १९९३ पासून तो तसाच घट्ट बसलेला होता. अॅंड्रू फ्युस्टेल यांना जोर वाढवायचा होता, पण जोर जास्त झाला आणि बोल्ट तुटला असता तर जुना कॅमेरा तिथेच अडकून राहिला असता आणि नवा कधीच बसला नसता. आधी जोर मर्यादित ठेवणारं साधन लावून प्रयत्न झाला, मग ते काढून. बोल्ट सुटला. नियंत्रण कक्षात अशा वेळी जी शांतता पसरते ती मला नीट ठाऊक आहे.

हबलची सर्वात मोठी दुखरी जागा मात्र जायरो. दुर्बीण किती वेगाने आणि कोणत्या दिशेने वळते आहे हे जायरो सांगतो. आत एक चाक मिनिटाला १९,२०० फेरे घेतं. ते बंद नळकांड्यात असतं आणि नळकांडं दाट द्रवात तरंगत असतं. त्याला वीज पोचवणाऱ्या तारा केसापेक्षाही बारीक असतात. या तारा त्या द्रवात हळूहळू गंजत गेल्या आणि तुटल्या. मूळ कारण फार छोटं होतं. द्रव भरताना तो ढकलायला दाबाची हवा वापरली होती आणि हवेतल्या ऑक्सिजनने घात केला. पुढे नायट्रोजन वापरायला सुरुवात झाली. तारांवर चांदीचा मुलामा दिलेले सुधारित जायरोही आले. नोव्हेंबर १९९९ मध्ये चौथा जायरो गेला तेव्हा हबल निरीक्षण करूच शकत नव्हती. डिसेंबरात अंतराळवीरांनी सहाच्या सहा बदलले. २००९ मध्ये पुन्हा सहा नवे बसवले, त्यातले तीन सुधारित. जुन्या पद्धतीचे तिन्ही पुढे एकेक करून गेले.

२०१८ मध्ये एक राखीव जायरो चालू केला तर तो खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वेग दाखवू लागला. तिथे आता कोणी जाणार नव्हतं. पथकाने तो क्षणभर बंद करून पुन्हा चालू केला, मग दुर्बीण उलटसुलट दिशांना वळवत राहिले, म्हणजे द्रवात काही अडकलं असेल तर ते सुटावं. काही दिवसांत तो ताळ्यावर आला. २०२४ मध्ये आणखी एक जायरो बेभरवशाचा झाला तेव्हा जूनपासून हबल एकाच जायरोवर चालवायचं ठरलं आणि एक चांगला जायरो राखून ठेवला. बाकीची माहिती चुंबकमापक, सूर्यसेन्सर आणि तारे ओळखणारे कॅमेरे देतात. वळायला वेळ जास्त लागतो, मंगळापेक्षा जवळच्या हलत्या वस्तूंचा माग काढता येत नाही, पण दूरच्या आकाशगंगांची चित्रं पूर्वीइतकीच रेखीव येतात. आणि ही एका जायरोची पद्धत ऐन वेळी सुचलेली नाही, ती कितीतरी वर्षं आधी लिहून, तपासून ठेवलेली होती.

२०२१ च्या जूनमध्ये हबलचा उपकरणं चालवणारा संगणक थांबला, तेव्हाही शोध महिनाभर चालला. आधी मेमरीवर संशय, मग दुसऱ्या एका भागावर, शेवटी वीज नियंत्रित करणारा भाग दोषी ठरला आणि राखीव बाजूवर जाऊन काम सुरू झालं. ही यंत्रणा १९८०च्या दशकातली. निवृत्त झालेल्या माणसांना बोलावून घेतलं, तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे कागद काढले. मला वाटतं, दुर्बिणीच्या सुट्या भागांइतकंच तिच्या कागदपत्रांचं जतन महत्त्वाचं आहे, आणि बहुतेक प्रकल्पांत त्यासाठी पुरेसे पैसे ठेवत नाहीत. मला याची मनापासून काळजी वाटते.

हात पोचत नाही तिथे काय करता येतं याचं उत्तम उदाहरण केप्लर. सूर्याभोवती फिरणाऱ्या या दुर्बिणीला अचूक रोखायला तीन चाकं लागत होती, चार होती. जुलै २०१२ मध्ये एक गेलं, मे २०१३ मध्ये दुसरं. दोन चाकांवर तिसरा अक्ष सांभाळणार कसा? सूर्यप्रकाशाचा दाब अगदी सूक्ष्म असतो, पण तो सतत ढकलत असतो. यान अशा कोनात धरलं की दोन्ही बाजूंना हा दाब सारखा पडेल, तर ते तोल साधून राहतं, जसं प्रवाहात नाव बरोबर मधोमध धरावी तसं. थोडं कललं की अधूनमधून छोट्या थ्रस्टरने सरळ करायचं. अट एकच, दुर्बीण सूर्यमार्गाच्या पट्ट्यातच पाहू शकणार आणि साधारण ८० दिवसांनी जागा बदलावी लागणार. २०१४ मध्ये ही दुसरी मोहीम सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये इंधन संपेपर्यंत चालली.

युक्लिडचं दुखणं वेगळं होतं. २०२३ मध्ये गेलेल्या या युरोपीय दुर्बिणीत तारे हळूहळू मंद दिसू लागले. जमिनीवर जुळणी करताना पांघरुणांमध्ये शिरलेली हवेतली वाफ वर गेल्यावर सुटत होती आणि थंड आरशांवर अतिशय पातळ बर्फ साचत होतं. सगळी दुर्बीण गरम केली असती तर धातू फुगून जुळणी बिघडली असती. म्हणून मार्च २०२४ मध्ये एकेक आरसा वेगळा गरम करायला घेतला. पहिलाच आरसा उणे १४७ वरून उणे ११३ अंशांवर नेला, फक्त ३४ अंशांचा फरक, आणि प्रकाश एकदम १५ टक्के वाढला. दोष कोणत्या आरशावर आहे हेही त्यातच कळलं.

आता वेब. ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. माणसं नेऊ शकेल असं यान तिथपर्यंत आजवर गेलेलं नाही, हे पहिलं कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती उणे २३० अंशांच्या आसपास थंड राहते ती पाच पदरी सूर्यढालीमुळे, आणि त्या ढालीचा सर्वात जाड पदर ०.०५ मिलिमीटर आहे. जवळ येणाऱ्या यानाच्या थ्रस्टरमधून निघणारा वायू उघड्या, सोनेरी आरशांवर गोठला तर दुरुस्तीच बिघाड ठरेल. हबलला धरायचे दांडे, मोकळी सरकणारी उपकरणं, बाहेरून उघडणारी दारं होती. वेबवर यातलं काही नाही. म्हणून तिची दुरुस्ती आधीच तिच्यात घालून ठेवली आहे. तिचा मुख्य आरसा ज्या १८ छोट्या आरशांचा बनला आहे त्यांपैकी प्रत्येकाला मागून हलवता येतं, त्याची वक्रताही थोडी बदलता येते. मे २०२२ मध्ये एका आरशावर अपेक्षेपेक्षा मोठा अशनिकण आदळला, तेव्हा तो आरसा किंचित सरकवून त्या खड्ड्याचा काही परिणाम भरून काढला. शिवाय आता शक्य तितकं त्या दिशेकडे तोंड करायचं टाळतात, जिथून कण समोरून जास्त वेगाने येतात. ऑगस्ट २०२२ मध्ये वेबच्या मिरी या अवरक्त उपकरणातलं एक छोटं चाक घासत असल्याचं दिसलं, ते चाक लागणारी निरीक्षणाची पद्धत थांबवली, कारण समजून घेतलं आणि नोव्हेंबरात ती पुन्हा वापरात आली.

रोजची देखभाल यापेक्षा साधी असते, पण तीच दुर्बिणीचं आयुष्य ठरवते. किरणोत्सारामुळे कॅमेऱ्याच्या डिटेक्टरवर उगाच चमकणारे ठिपके वाढत जातात. हबलचे डिटेक्टर साधारण महिन्यातून एकदा गरम करतात, त्यातले बरेच ठिपके बरे होतात. चाकांमध्ये साठत जाणारा फिरण्याचा जोर काढून टाकावा लागतो. हबल हे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला रेटा देऊन करते, कारण थ्रस्टरचा वायू आरशावर नको. हबल सुमारे ९५ मिनिटांत एक फेरी घेते, म्हणजे दिवसातून पंधरा वेळा सावलीत जाते. तेवढ्या वेळा बॅटरी उतरते आणि भरते. १९९० च्या बॅटऱ्या २००९ पर्यंत टिकल्या, त्या या काटेकोर चार्जिंगमुळेच.

नवी दुर्बीण पाठवणं सोपं का नाही? काही वेळा ते खरंच योग्य असतं. उपकरण छोटं असेल, तंत्र जुनं झालं असेल, तर मी दुरुस्तीचा आग्रह धरणार नाही. पण मोठ्या दुर्बिणीला आखणीपासून उड्डाणापर्यंत दोन-तीन दशकं लागतात. हबलवर तर बहुतेक भेटींत नवी उपकरणं बसली, त्यामुळे २००९ नंतरची हबल ही १९९० च्या हबलपेक्षा कितीतरी वरचढ होती. आणि काही घटना वाट पाहत नाहीत. तारा फुटला त्या आठवड्यात वर चालू दुर्बीण असावी लागते.

पुढच्या दुर्बिणी दुरुस्तीचा विचार करूनच आखल्या जाताहेत. चीनची श्युनथ्यान दुर्बीण त्यांच्या अवकाश स्थानकाच्याच कक्षेत फिरेल आणि गरज पडली की त्याला येऊन जोडली जाईल. नासाच्या आखणीत असलेली हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी दूर असली तरी रोबोटने भाग बदलता येतील अशी असावी, असं ठरवलं आहे. संदेशवहनाच्या उपग्रहांवर रोबोटने हे थोडंफार करून दाखवलं आहे. २०२० मध्ये एका सेवायानाने जाऊन इंटेलसॅट ९०१ ला पकडलं आणि पुढे स्वतःच्या इंजिनांवर त्याला चालवलं. पकडणं आणि ढकलणं जमलं आहे. अनपेक्षित झिजलेला स्क्रू सोडवणं यंत्राला अजून कठीण आहे.

सध्या सगळ्यात निकडीचा प्रश्न आहे उंचीचा. खालच्या कक्षेत वातावरणाचा विरळ अंश असतोच. सूर्य जास्त सक्रिय झाला की वातावरण फुगतं आणि दुर्बिणी लवकर खाली येऊ लागतात. २००४ पासून गॅमा-किरण स्फोट टिपणाऱ्या स्विफ्टकडे स्वतःचं इंजिन नाही. तिला पकडून वर ढकलण्यासाठी नासाने २०२५ मध्ये कॅटलिस्ट कंपनीला काम दिलं. हबललाही इंजिन नाही. खासगी यानाने तिला वर उचलण्याचा प्रस्ताव तपासला गेला आणि २०२४ मध्ये तूर्त नको असं नासाने ठरवलं. पकडताना लागणारा धक्का आणि आरशावर वायू साचण्याची भीती मला रास्त वाटते, तरीही त्या प्रस्तावाचा पुन्हा विचार व्हावा असं माझं मत आहे. हबलच्या तळाशी २००९ च्या शेवटच्या भेटीत एक कडं बसवून ठेवलं आहे. पुढे कधीतरी एखादं यान येईल, त्याला धरायला जागा असावी, एवढ्यासाठी.